चिसांगाचा घरजावई

मित्रांनो, मी एक जुना विजेचा खांब आहे, पण विजेची आणि माझी आजवर ओळख झालेली नाही. हे सांगताना माझी मान खाली जाते. म्हणजे गेली असती, मान असती तर. विहिरीला पाणी ठाऊक नसावं, तशातली ही गत. पण माझी अब्रू आता झाकण्याजोगी उरलेली नाही, गावाने ती भर सभेत उघडी केली आहे. तेव्हा दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. मधूनमधून थोडं वाढवून सांगेन, ते चालवून घ्या. उंचावर राहणाऱ्याला खालचं सगळं मोठं करून सांगायची खोड असते.

माझा जन्म मलावीच्या उत्तरेकडच्या डोंगरात, निलगिरीच्या रानात झाला. आम्ही भावंडं एवढी उंच होतो की ढगांना आम्हाला वळसा घालून जावं लागे. एखादा आळशी ढग वळसा न घालता सरळ आला, तर आमच्या शेंड्यांना अडकून टरकन फाटे आणि खालच्या माणसांना वाटे, आज पाऊस बरा झाला. मग करवती आल्या. आम्हाला आडवं केलं, सोललं, आणि काळ्या उकळत्या तेलात बुडवून काढलं. त्या तेलाचा वास असा की वाळवी माझ्या वाटेला गेली नाही ती नाहीच, पण तिच्या नातवंडांनीही तो रस्ता टाकला. तेल मुरताना अंग जळत होतं, तरी मी हूं की चूं केलं नाही. शेजारचा खांब म्हणाला होता, "सोस गड्या. आपल्या अंगावरून तार जाणार, आणि तारेच्या टोकाला कोणाच्या तरी घरात दिवा लागणार." त्या एका वाक्यावर मी सगळं सोसलं.

एके दिवशी मला ट्रकवर घालून मोठ्या सरोवराच्या काठी, चिसांगा गावात आणलं. मी एकटाच होतो. बाकीचे खांब मागून येणार, असं ट्रकवाला म्हणाला. ते दिवस निवडणुकीचे होते. एक पुढारी आला. त्याचं नाव मी घेत नाही. निवडून आल्यावर बिचारा कामात एवढा बुडाला की त्याला हे गाव पुन्हा सापडलंच नाही. मला गावच्या मुखियांच्या अंगणासमोर उभं केलं. बायकांनी जिभा हलवून असा किलकिलाट केला की सरोवरातले पाणघोडे डोकी वर काढून बघू लागले. पुढाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आंबे पिकायच्या आत तार येईल!"

आंबे पिकले. मग पुन्हा पिकले. त्यानंतर आंब्यांनी स्वतःहून पिकायची घाई सोडून दिली, असं गावात म्हणतात. पण ते खरं नसावं.

तार आली नाही. मी मात्र होतो. माणसं वाईट नव्हती, त्यांनी मला काम दिलं. माझ्या बुंध्याला शेळ्या बांधल्या. माझ्यावर चर्चच्या गायकांचे, दाढदुखीच्या वैद्याचे आणि फुटबॉलच्या सामन्याचे कागद चिकटवले. कावळ्यांनी माझ्या डोक्यावर बसून गावाची निंदा केली. वीज माझ्याकडे म्हणाल तर एकदाच आली, तीही आभाळातून. पावसात कडाडत खाली उतरली, माझ्याकडे पाहिलं, बहुधा पत्ता चुकला असं तिला वाटलं, आणि बाजूला सरकून मुखियांच्या संडासावर पडली.

मुखियांचं नाव बिस्विक म्सेंजेरे. सगळे त्यांना अम्फूमू म्हणत, म्हणजे गावचे धनी. माणूस दिलदार, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. परगावचा कोणी आला की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "आमच्याकडे लाइन आलेली आहे." पाहुणा वर बघायचा, तार शोधायचा, आणि सभ्यपणे "वा, वा" म्हणायचा. त्या "वा, वा"ने मला जेवढे चटके दिले, तेवढे उकळत्या तेलानेही दिले नव्हते.

आता आमच्याकडे कशाची कमी होती म्हणाल, तर कशाचीच नाही. ऊन असं की उसिपा नावाचे बोटाएवढे मासे टोपलीत ओले भरावेत आणि वाळवणीच्या मांडवापर्यंत नेऊन उतरवावेत, तर कुरकुरीत! वारा असा की अम्फूमूंची टोपी एकदा सरोवर ओलांडून पलीकडे मोझांबिकात गेली, आणि दुपारी वारा फिरल्यावर परत आली. आत कोणा परक्याच्या तेलाचा वास होता, एवढंच. मागच्या डोंगरातून ओढा असा कोसळे की पाद्रीबाबांना प्रार्थना ओरडून म्हणावी लागे, आणि देवही ओरडून उत्तर देत असावा. एवढं सगळं उधळलं जात होतं, आणि दिवस कलला की बायका ओल्या सरपणाच्या धुरात डोळे पुशीत मक्याच्या पिठाचा घट्ट नसिमा घोटायच्या.

गावाच्या टोकाला दवाखाना होता. तिथे मालिता नावाची नर्स होती. ती दूरच्या जिल्ह्यातून बदलीवर आलेली. बाळंतपणाला येणाऱ्या बाईने येताना टोपलं, दोन धडुती आणि मेणबत्ती आणायची, असा तिथला शिरस्ता. मेणबत्तीने भागलं नाही की मालिता फोनची बॅटरी लावून फोन दातात धरायची. त्यामुळे बाळंतिणीला धीर द्यायचा तोही नाकातून. "घाबरू नकोस" हे शब्द नाकातून ऐकले तर कोण घाबरणार नाही? बायका त्यावर हसत. मालिता हसत नसे. येता-जाता ती माझ्याकडे एकदा वर बघायची, काही न बोलता. मी वाऱ्याचं निमित्त करून दुसरीकडे बघितल्यासारखं करी. खांबाला दुसरीकडे बघता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

अशात बातमी आली की राजधानीहून, लिलोंग्वेहून, एक साहेब येणार आहेत. सरकार आता गावोगाव छोटी सौर वीजकेंद्रं बसवणार होतं. पत्र्यांवर ऊन पडलं की त्याची वीज करायची आणि तिथल्या तिथे वाटायची. आमच्या भागात त्यातलं एक यायचं होतं. ते चिसांगाला द्यायचं की ओढ्यापलीकडच्या कासांबाला, हे साहेब बघून ठरवणार होते.

गावाची बैठक माझ्या पायाशी भरली. मुखिया उत्साहाने फुलले होते.

"अंगणं सारवा. शेळ्या मागे बांधा. आणि दिवा लागला पाहिजे!"

"कुठला दिवा, अम्फूमू?" कोणीतरी विचारलं.

"या खांबाला! बाजारातल्या गुत्तेवाल्याचा जनरेटर मी ठरवलाय. कणगीमागे लपवू, तिथून वायर वर नेऊ, एक बल्ब इथं, एक माझ्या ओसरीवर."

अगोगो एनेलेसी खाली चटईवर शेंगा सोलत होती. अगोगो म्हणजे आजी. ती गावाचीच आजी होती. मुखियांना तिने अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारणारी ती एकटीच.

"बिस्विक, मागायला जाताना कोणी नवं चितेंजे नेसून जातं का रे?"

"अगोगो, पाहुणा अंधारात जेवला तर नाक कोणाचं जातं? माझं! आणि हे शहरातले लोक. स्वच्छ, नीटनेटकं गाव दिसलं की हात सैल सुटतो त्यांचा. खरकट्या ताटात कोण वाढतं?"

"आणि भरल्या ताटात कोण वाढतं?"

मुखियांनी ते ऐकलं नाही. किंवा ऐकलं, पण लोक हसायच्या आत दुसरा विषय काढला. मित्रांनो, या गावाची चूक ही अशी होती. लबाडीची नव्हे, पाहुणचाराची. तिथे घरात मूठभर पीठ असलं तरी पाहुण्यासमोर डोंगराएवढा नसिमा ठेवतात, आणि शेजारी आपली कोंबडी गुपचूप मागच्या दाराने आणून देतात. पाहुण्याला आपलं रितेपण दाखवणं म्हणजे त्याचा अपमान. आणि माझ्याएवढं रितं गावात दुसरं काय होतं?

साहेब उन्हं उतरताना आले. वायसन त्यांचं नाव. गोड, थकलेला माणूस, बूट धुळीने माखलेले. बायकांनी गुडघे टेकून हात धुवायला पाणी दिलं. कोंबडी झाली, नसिमा झाला. अंधार पडू लागला तसे मुखिया उठले, खाकरले, आणि त्यांनी हात वर केला.

कणगीमागे धडधड सुरू झाली. माझ्या डोक्यावर बल्ब लागला.

काय सांगू! इतक्या वर्षांनी माझ्या डोक्यावर दिवा, आणि तोही उसना. बायकांनी किलकिलाट केला, पण पहिल्यासारखा नाही. कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतं. माझ्या उजेडात मला पहिल्यांदा गावाचे रात्रीचे चेहरे दिसले आणि प्रत्येक चेहरा ओशाळलेला होता.

"अरे वा!" वायसनसाहेब म्हणाले. "म्हणजे लाइन इथपर्यंत पोचली की."

"पोचली म्हणजे?" मुखियांची छाती कणगीएवढी झाली. "या अख्ख्या काठावर पहिली आमच्याकडे!"

"आणि ते काय धडधडतंय?"

"गिरणी. आमच्याकडे गिरणीसुद्धा विजेवर."

मालिता मागे बायकांच्यात गुडघ्यावर बसली होती. तिने तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या अगोगोने तिच्या मांडीला चिमटा काढला. "पाहुण्यासमोर नाही, पोरी. अम्फूमूंचा शब्द पाहुण्यासमोर खाली पडू द्यायचा नसतो." मालिताने तोंड मिटलं. मी तेव्हाच मोडून पडायला हवं होतं. मी जोर लावला, खोटं नाही सांगत. पण काळं तेल असं मुरलेलं की मला साधी चीरही पडली नाही.

साहेब निघाले. मुखियांनी त्यांना एक लाल कोंबडा भेट दिला. गाडी वळणाआड गेली तसा जनरेटर बंद झाला, आणि अंधार आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसला.

काही आठवड्यांनी कळलं, केंद्र कासांबाला मिळालं.

मुखिया स्वतः बाजारात जाऊन फोन करून आले. माझ्या पायाशी बसले, टोपी काढली. "म्हणाले, नियम आहे. जिथं सरकारी लाइन पोचलीय, तिथं सौर केंद्र द्यायचं नाही. ज्यांना काहीच नाही त्यांना आधी." थोड्या वेळाने म्हणाले, "नियम चांगला आहे."

नियम खरोखरच चांगला होता. एका ताटात दोनदा वाढू नये आणि दुसरं रिकामं राहू नये, यात वाईट काय? पण त्या नियमाने मला ताटातला घास म्हणून मोजलं होतं. मी नसतो तर चिसांगाला दिवा मिळाला असता. मी होतो, म्हणून मिळाला नाही. उपयोग नसलेल्या वस्तू जगात पुष्कळ असतात, मित्रांनो, त्यांना एवढं लाजायचं कारण नाही. मी निरुपयोगी नव्हतो. मी आडवा येणारा होतो.

अगोगोला मात्र माझ्यासाठी नाव सापडलं. त्या मुलखात लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. त्याने तिथे घर बांधायचं, सासूचं शेत करायचं. जो नुसता बसून खातो त्याला 'उसना कोंबडा' म्हणतात; आरवतो मोठ्याने, पण अंडं काही देत नाही.

"हा बघा आमचा घरजावई," अगोगो माझ्याकडे हात करून सांगू लागली. "उंच, गोरागोमटा नसला तरी धिप्पाड. ना शेत करतो, ना घर शाकारतो. आणि घरात जावई उभा दिसला, की दुसरा कोण मागणी घालायला येणार?"

पाणवठ्यावर हसू फुटायचं. कासांबाच्या बायका तर ओढ्यापलीकडून विचारायच्या, "काय गं, जावई बरा आहे ना? जेवतो का पोटभर?" दिवस मावळला की त्यांच्या टेकडीवर दिवे लागत. माझी सावली इतकी वर्षं फक्त सूर्यामुळे पडायची. आता कासांबाच्या दिव्यांमुळेही पडू लागली, फिकट अशी, नेमकी मुखियांच्या दारात. हे मात्र मी थोडं वाढवून सांगतोय. पण मुखिया त्या वेळी दार लावून घेत, हे खरं आहे.

मग पाऊसकाळ आला. मुखियांची भाची तामांदानी पहिलटकरीण होती. तिथे गादी मामाकडून बहिणीच्या लेकरांकडे जाते, म्हणून अम्फूमूंचा जीव या पोरीत. एके दिवशी आभाळ एवढं भरून आलं की दुपारीच कोंबड्या झोपायला गेल्या, आणि संध्याकाळी तामांदानीला कळा सुरू झाल्या. मेणबत्ती ओल्या वाऱ्याने टिकेना. मालिताचा फोन तिच्या दातात होता तो मध्येच मिटला. पावसाने चार्ज करायला बाजारात जाता आलं नव्हतं.

बाळ झालं, ते मालिताने नुसत्या हातांनी चाचपून घेतलं. मुलगी. पण तामांदानीचं रक्त थांबेना. कुठून येतंय ते अंधारात दिसेना. मुखिया दारात वाळक्या गवताची चूड पेटवून उभे राहिले; धुराने आतल्या बायका खोकू लागल्या, आणि मालिता ओरडली, "अम्फूमू, ती आग बाहेर न्या! मला उजेड पाहिजे, धूर नको!"

गावच्या धन्यावर कोणी असं ओरडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मुखियांनी चूड पावसात टाकली.

तामांदानीला दाराच्या फळीवर घातलं, आणि चौघांनी खांद्यावर घेऊन, कमरेएवढ्या ओढ्यातून कासांबाला नेलं. पुढे मुखिया, पाण्यात पाय रोवून, फळीचं तोंड वर धरून. कासांबाच्या शाळेत पांढरा दिवा जळत होता. बाकांवर चादर टाकली. मालिताने तिथे तिला टाके घातले.

तामांदानी वाचली. हे आधीच सांगून टाकतो, उगीच जीव टांगणीला नको.

दोन दिवसांनी मालिता मुखियांच्या अंगणात आली. राजीनाम्याची भाषा करेल असं सगळ्यांना वाटलं. ती गुडघ्यावर बसली, रीतीप्रमाणे हळू टाळी वाजवली आणि साधंच बोलली.

"अम्फूमू, त्या दिवशी तामांदानी माझ्या हाताखाली किती वेळ होती. तिचा चेहरा मला पहिल्यांदा कासांबात दिसला. पांढराफटक. आपल्याकडे अजून थोडा वेळ ठेवली असती तर शेवटपर्यंत दिसलाच नसता."



"साहेब पुन्हा येतायत म्हणे," ती म्हणाली. "कासांबाचं केंद्र बघायला. आणखी एका गावासाठी पत्रे उरलेत. या खेपेला मला चिमटा काढला तरी मी बोलणार आहे."

"बोल," अगोगो चटईवरून म्हणाली. "चिमटा काढला तेव्हा मी चुकले. पण पोरी, तू बोलून भागायचं नाही. तू बाहेरची. जावयाला घराबाहेर काढायचं तर मुलीच्या मामाने चारचौघांत उभं राहून सांगावं लागतं, काय कमी पडलं ते. मामा गप्प, तर जावई घरात. ही आपली रीत." तिने शेंगांची टरफलं झटकली. "काय रे बिस्विक, मामा कोण या गावाचा?"

वायसनसाहेब आले त्या दिवशी अख्खं गाव माझ्याभोवती जमलं. कणगीमागे काही लपवलेलं नव्हतं. अंगण सारवलेलं नव्हतं. शेळ्या माझ्याच बुंध्याला होत्या. मुखियांनी एक चटई आणि एक कुऱ्हाड आणली, आणि माझ्या पायाशी ठेवली. जावयाला परत धाडताना त्याचं सामान असंच दाराबाहेर ठेवतात. मी थरथरलो. वारा नव्हता.

"हा आमच्या घरी आला," मुखिया म्हणाले, "तेव्हा आम्ही नाचलो. याने आम्हाला शेत दिलं नाही, छप्पर दिलं नाही, दिवा दिला नाही. पण दोष याचा नाही. याला कोणी तारच दिली नाही." ते साहेबांकडे वळले. "साहेब, तुम्ही इथं पाहिलात तो दिवा खोटा होता. भाड्याचा. ती गिरणीही खोटी. मला वाटलं, तुम्ही अंधारात जेवू नये. तुम्हाला उजेडात जेवू घातलं आणि माझ्या भाचीला अंधारात मरायला सोडलं. मी या गावाचा मामा. मी सांगतो, हा जावई आमचा नाही."

आणि अम्फूमू म्सेंजेरे गुडघ्यावर बसले. आजवर त्यांच्यासमोर लोक बसत आले होते.

वायसनसाहेब आपल्या बुटांकडे बघत होते. मग ते हळूच म्हणाले, "उठा अम्फूमू. मला पेट्रोलचा वास आला होता."

"काय?"

"त्या दिवशी. बल्ब लागला तेव्हा वास आला होता. कणगीमागून धूरही दिसला. मला वाटलं, एवढ्या मायेने करतायत, पाहुण्याने यजमानाला खोटं कसं पाडायचं?" त्यांनी बुटावरची धूळ झटकली. "कोंबडा घेतला आणि गेलो. छान होता कोंबडा."

अगोगो एनेलेसीने दोन्ही हात आभाळाकडे केले. "देवा, हे कसले सभ्य लोक! सगळे सभ्य, आणि पोरगी मरत होती!"

कोणीतरी हसलं. मग सगळेच, रडल्यासारखं हसले.

"पण अडचण अजून आहेच," साहेब म्हणाले. "खांब उभा आहे तोवर आमच्या नकाशात तुमच्याकडे लाइन आलेली आहे. आणि खांब सरकारी. तोडला तर गुन्हा."

"तोडतंय कोण?" अगोगो म्हणाली. "जावयाला कापत नाहीत, साहेब. त्याच्या आईच्या घरी पोचवतात."

मला मुळापासून खणून काढलं. पुढाऱ्याने मला इतकं खोल पुरलं होतं की खड्ड्याच्या तळाशी, म्हणतात, समुद्राचा आवाज ऐकू येत होता. मग गावाने मला खांद्यावर घेतलं. पुढे मुखिया, मागे पुरुष, आणि बायका गाणी म्हणत. धड लग्नाची नाहीत, धड मयताची नाहीत. वाटेतल्या गावांनी विचारलं, "कोण गेलं?" अगोगो ओरडायची, "कोणी गेलं नाही! घरजावई माहेरी चाललाय!" इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी उचलून धरलं होतं, आणि तेही परत करायला. लाजेने माझं काळं तेल घामासारखं पाझरलं. माणसांचे सदरे खराब झाले, त्याबद्दल मी इथे माफी मागतो.

मोठ्या रस्त्यावर वीज कंपनीचा डेपो आहे. तिथला पहारेकरी फाटकात आडवा झाला.

"हे काय आणलंत?"

"तुमचा खांब. परत."

"खांब न्यायला लोक येतात! आणून द्यायला कोणी येत नाही! घ्यायची पद्धतच नाही आमच्याकडे!"

"मग आज पाडा पद्धत," मुखिया म्हणाले, आणि त्यांनी मला कुंपणाच्या आत हलकेच ठेवलं. जाताना त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला. जावई वाईट निघाला तरी जेवणापुरता आपलाच असतो.

तेव्हापासून मी इथे आडवा पडून आहे. चिसांगाचं पुढे काय झालं ते मला मालितामुळे कळलं. ती लशींचा डबा घेऊन बाजारात आली होती. गाडी येईपर्यंत ती माझ्यावरच टेकून बसली. मी कोण, ते तिने ओळखलं नाही. आडवा खांब कोण ओळखतो? ती फोनवर आपल्या आईशी बोलत होती. "हो गं, बसले पत्रे. दवाखान्याच्या छपरावरच. आता दोन्ही हातांनी काम करते, तोंडाने बोलते... काल एकीला म्हटलं घाबरू नकोस, तर ती म्हणते, सिस्टर, तुमचा आवाज असा आहे होय?" आणि मालिता हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं. गाडी आली, ती गेली, आणि तिच्या बसण्याची ऊब माझ्यावर थोडा वेळ राहिली.

इथे कथा संपली असती तर मी सुखाने कुजायला लागलो असतो. पण मित्रांनो, निवडणूक पुन्हा जवळ आली आहे. आज सकाळी डेपोत ट्रक लागला. पहारेकऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा घेऊन जा, चांगला टणक आहे, काही झालेलं नाही याला." मला धुऊन पुसून वर चढवलं आहे. ट्रकमध्ये मी एकटाच आहे. बाकीचे मागून येणार, असं ट्रकवाला म्हणतो.

मी कोणत्या गावी जातोय ते मला ठाऊक नाही. तिथल्या बायका नाचतील, मला कळतंय. तिथेही एखादी दातात फोन धरून उभी असेल. म्हणून हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते: तुमच्या अंगणात खांब उभा राहिला, तर टाळ्या वाजवायच्या आधी मान वर करा आणि तार कुठे आहे ते बघा. नसेल, तर ज्याने मला आणलं त्याला त्याच्या तोंडावर विचारा, तो पाहुणा असला तरी. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. आणि माझी दया येऊन मला उभं राहू देऊ नका. मला त्याच दिवशी परत पाठवा. ट्रक अजून वळला नसेल.